उद्या मिळेल

"तुमच्या दाराशी वास येतो हो," एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी काउंटरवर कोट ठेवता ठेवता सांगितलं, आणि लॉन्ड्रीवाल्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या कुठल्या दुकानदाराला हे बोलणं एवढं लागलं नसतं. पण यांचा धंदाच मुळी वास काढायचा. वडिलांपासूनची लॉन्ड्री. मागे बॉयलर आणि कपडे घुमवणारी मोठी यंत्रं, पुढे इस्त्रीची टेबलं, आणि भिंतीला छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गिऱ्हाइकांचा माल. डाग दिसला की लॉन्ड्रीवाल्यांचे हात शिवशिवायचे. कुणाकडे जेवायला गेले तरी समोरच्याच्या शर्टावरचा डाग कशाचा आहे आणि तो कशाने निघेल, हेच मनात चाललेलं असायचं. बायको म्हणायची, "यांना माणूस दिसतच नाही, त्याची कॉलर दिसते."

वास कुठून येतो हे त्यांना ठाऊक होतं. दुकानाच्या पायरीवर, पुढे आलेल्या पत्र्याखाली, एक माणूस रात्री झोपायचा. दुकान उघडायच्या आत उठून जायचा आणि शटर पडायच्या सुमाराला परत यायचा. लॉन्ड्रीवाले त्याला 'पाहुणे' म्हणत. सकाळी कुलूप काढताना शेजारच्या चष्मेवाल्यांना "काय, आमचे पाहुणे गेले का?" असं विचारायचं आणि दोघांनी हसायचं, हा रोजचा कार्यक्रम होता. त्यात दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा करायचा तर आधी माणसाकडे नीट बघावं लागतं, आणि तेवढंही कुणी बघितलेलं नव्हतं. रस्त्यातल्या खांबाला घालतात तसा वळसा घालून सगळे त्याच्या बाजूने जात. वळसा घातल्याचं कुणाला आठवतही नसे.

या पाहुण्यांची एक गोधडी होती. दिवसा ती लॉन्ड्री आणि चष्म्यांचं दुकान यांच्या भिंतींमधल्या अरुंद फटीत खोचलेली असायची. वास तिचाच.

"संध्याकाळी पायरीवर पाणी मारत जा," चष्मेवाल्यांनी सल्ला दिला. जगाला चष्मे विकणाऱ्या या गृहस्थांना स्वतःला लांबचं फारसं दिसत नसे. "ओल्यावर कोण झोपतंय? आपोआप जाईल."

"छे हो, एवढ्या थंडीत?"

"मग पालिकेच्या गाडीला फोन करा. येतील आणि उचलून नेतील त्याचं सामान."

लॉन्ड्रीवाल्यांना हेही पटेना. मनाने ते चांगले होते. हे आत्ताच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे जे घडलं ते एका चांगल्या माणसाच्या हातून घडलं. त्यांनी विचार केला, फेकायची कशाला गोधडी? लॉन्ड्री आपली, पाणी आपलं. धुऊनच देऊ की! वासही जाईल आणि त्यालाही बरं वाटेल. हे सुचल्यावर त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. दिवसभर ते स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती गोधडी फटीतून ओढून काढली. भलतीच जड होती. बाहेरून पोतं, त्याच्या आत जाहिरातीच्या फलकाचं मेणकापड, त्याच्या आत वर्तमानपत्रांचे थर, कापूस, लोकरीचे तुकडे, आणि हे सगळं जाड दोऱ्याने टाके घालून, पुन्हा पुन्हा टाके घालून एकत्र धरलेलं. कुणीतरी कितीतरी वेळ खाली मान घालून बसल्याशिवाय असं काम होत नाही. लॉन्ड्रीवाल्यांना टाके दिसले नाहीत. त्यांना मळ दिसला. कडक गरम पाणी आणि दुप्पट पावडर, असं ठरवून त्यांनी ती यंत्रात टाकली.

मळ निघाला. त्याच्याबरोबर कागदाचा लगदा झाला, कापसाच्या गुठळ्या झाल्या, टाके उसवले. जे उरलं ते त्यांनी पिळून काढलं. वाळवायच्या यंत्रात ते घालता येईना, लगद्याने जाळी तुंबली असती. म्हणून दुकानामागच्या बोळात दोरीवर टाकलं आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेले.

संध्याकाळी पाहुणे आले. त्यांनी फटीत हात घातला. काढला, पुन्हा घातला. मग दुकानाच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत ते कधी आले नव्हते, तेव्हाही आले नाहीत.

"माझी गोधडी होती इथे."

"हां, ती धुवायला घेतलीय," लॉन्ड्रीवाले इस्त्रीची वायर गुंडाळत हसून म्हणाले. "तुम्ही काही द्यायचं नाही हं."

"कुठे आहे?"

"वाळतेय. जाड आहे ना ती. उद्या मिळेल."

'उद्या मिळेल' हे लॉन्ड्रीवाल्यांच्या तोंडात बसलेलं वाक्य होतं. झोपेत जरी कुणी विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. गिऱ्हाईक थोडं कुरकुरतं आणि घरी जातं. घरी त्याच्या कपाटात दुसरा शर्ट असतो, दुसरी चादर असते. या वाक्याचा सगळा भार त्या दुसऱ्या चादरीवर असतो, हे लॉन्ड्रीवाल्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

"आज नाही?" पाहुण्यांनी विचारलं.

"आज कशी मिळणार? ओली आहे अजून."

"बरं," पाहुणे म्हणाले.

लॉन्ड्रीवाल्यांच्या डोक्यावरच्या फळीवर ब्लँकेटं होती. लोकरीची, धुतलेली, घड्या घातलेली. काही तर मालकांनी मागच्या हिवाळ्यापासून नेलीच नव्हती. हात वर केला असता तर एक खाली आलं असतं. हा विचार मनात आला आणि त्यांनी झटकला, असंही नाही. तो मनात आलाच नाही! त्यांनी शटर ओढलं, कुलूप हलवून बघितलं आणि घरी गेले.

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. वाढता वाढता तिचा हात थांबला. "पण मग आज काय पांघरलं असेल त्याने?"

"असेल काहीतरी. या लोकांची सोय असते कुठे ना कुठे."

"थंडी फार आहे हो आज."

"हो ना. ती खिडकी नीट लाव बघू."

तिने खिडकी लावली. विषय तिथेच राहिला. दोघंही दमलेली होती आणि घरात ऊब होती. आपल्यापैकी किती जणांच्या घरांत त्या संध्याकाळी अशीच खिडकी लावली गेली असेल!

सकाळी पायरी मोकळी होती.

"आज पाहुणे लवकर गेलेले दिसतायत," चष्मेवाले म्हणाले. लॉन्ड्रीवाले हसले आणि बॉयलर लावायला मागच्या बोळात गेले. दोरी रिकामी होती. दोरीच्या खाली, भिंतीतून बाहेर आलेल्या वाफेच्या पाइपाला पाठ लावून पाहुणे बसले होते. दिवसा त्या पाइपाला हात लावता येत नाही इतका तो तापतो. बॉयलर बंद झाला की तो इतर कुठल्याही लोखंडासारखाच गार असतो. त्यांनी अंगाभोवती आपली गोधडी गुंडाळली होती. ती ओलीच होती. कडेने गोठून पत्र्यासारखी ताठ झाली होती.

"अहो," लॉन्ड्रीवाले म्हणाले. "अहो, पाहुणे."

पाहुण्यांचे डोळे अर्धवट उघडे होते. ओठ हलले, पण शब्द एकमेकांत अडकत होते. आवाज ऐकून चष्मेवाले आले.

"कुडकुडत तर नाहीये, म्हणजे ठीक आहे," त्यांनी निदान केलं. "प्यायलेला असणार. नसेल तर घोटभर पाजा, अंग तापेल. हात चोळा जरा जोरात."

लॉन्ड्रीवाल्यांनी तो हात हातात घेतला. वर्षानुवर्षं इस्त्री फिरवून त्यांचे तळवे राठ झाले होते, साधा चटका त्यांना कळत नसे. त्या हाताचा गारठा मात्र कळला. त्यांनी फोन काढला आणि आधी मोठ्या वहिनींना लावला. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको, मोठ्या इस्पितळात वॉर्डाच्या मुख्य नर्स. सगळं घर त्यांना वचकून असायचं.

"कुडकुडतोय का?" सगळं ऐकून वहिनींनी विचारलं.

"नाही वहिनी. शांत आहे एकदम."

"अहो, शांत कसला, भावोजी! कुडकुडणं थांबलं म्हणजे अंगातली ऊब संपत आली! रुग्णवाहिका बोलावली?"

"अजून नाही..."

"ती चष्मेवाल्यांना बोलवू दे, आत्ताच्या आत्ता. तुम्ही ऐका. ओलं असेल ते सगळं काढा अंगावरचं. चोळायचं नाही. दारू तर मुळीच नाही. हळूच आडवं करा, पण आधी खाली काहीतरी जाड घाला. गार जमीन ऊब ओढून घेते. मग वरून पांघरा, डोकंसुद्धा झाका. ब्लँकेटं असतील ना दुकानात?"

"आहेत, पण ती गिऱ्हाइकांची आहेत."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी स्वतःच ते ऐकलं.

"आणि तो माणूस कुणाचा आहे, भावोजी?" वहिनींनी विचारलं.

लॉन्ड्रीवाले आत धावले. फळीवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. दोन ब्लँकेटं खाली, मिळतील तेवढी वर. कुणाचं कुठलं हे त्यांनी बघितलं नाही. फोनवरून वहिनी सांगत होत्या की बोलत राहा त्याच्याशी, झोपू देऊ नका. पण काय बोलायचं? इतके दिवस हा माणूस त्यांच्या दारात झोपत होता आणि त्यांना त्याच्याशी बोलायला एकही विषय सापडेना. "आली हं गाडी, आलीच," एवढंच ते गाडी येईपर्यंत म्हणत राहिले.

दुपारी दुकान बंद करून ते इस्पितळात गेले. वहिनी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या.

"जीव वाचला," त्या म्हणाल्या. "उजव्या पायाची बोटं मात्र सगळी राहतील असं वाटत नाही."

लॉन्ड्रीवाल्यांनी मान हलवली. समोरच्या भिंतीवर ओल आली होती, ते तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, मला काही वाटतच नाहीये. रडूसुद्धा येत नाही. सगळं कापसातून ऐकल्यासारखं होतंय."

"आज सकाळपासून होतंय हे, की आधीपासूनच?"

लॉन्ड्रीवाल्यांनी नजर पुन्हा भिंतीवरच्या ओलीकडे वळवली.

"मी त्याच्या चांगल्यासाठीच केलं हो," मग ते म्हणाले.

"खरंच? वास कुणाला येत होता? त्याला?"

"नाही, पण..."

"आमच्याकडे पेशंट बेशुद्ध असला तरी आम्ही सांगतो, आता सुई टोचतेय हं, आता कूस बदलतेय. ऐकू जात असो नसो. कारण अंग त्याचं आहे. तशी गोधडी त्याची होती. तुमच्या गिऱ्हाइकाचा रुमाल तरी तुम्ही न विचारता यंत्रात घालता का? रंग जाईल का, आटेल का, दहा गोष्टी विचारता. याला एक प्रश्न विचारवला नाही तुम्हाला!"

"पण विचारायचं तरी काय, वहिनी? आपण असं काय देणार? घर देणार आहोत का त्याला?"

"घर द्यायला कुणी सांगितलंय? 'काही लागतंय का?' एवढं विचारायचं. तो सांगेल त्यातलं जमेल ते करायचं. नको म्हणाला तर नको. कोरडे मोजे, बाटलीत गरम पाणी, खाली घालायला जाड पुठ्ठे. हे तर तुमच्या दुकानातून रोज केरात जातं! निवारा चालवणारी माणसं आहेत, त्यांचा नंबर फोनमध्ये ठेवायचा आणि कळवायचं की अमुक ठिकाणी एक जण उघड्यावर आहे. थंडी वाढली की सकाळी जाता जाता बघायचं, हलतोय ना, नीट बोलतोय ना. याला काय नर्स व्हावं लागतं? तुम्हाला बघायची सवय गेली, भावोजी. तुमची एकट्याचीच नाही, सगळ्यांचीच गेलीय. माझीसुद्धा वॉर्डाच्या बाहेर आले की जाते."

त्या उठून आत गेल्या. लॉन्ड्रीवाले बाकावर बसून राहिले. रडू तेव्हाही आलं नाही.

काही दिवसांनी ते पुन्हा गेले तेव्हा त्यांच्या हातात नवंकोरं ब्लँकेट होतं, बाजारातलं सगळ्यात उबदार, पांढरंशुभ्र. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत मनाशी घोकलं होतं. पाहुणे पलंगावर होते. बोटं दोन गेली होती. वहिनी कापसाच्या बोळ्याने त्यांचा पाय तपासत होत्या.

"कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

बोळा थोडा वर सरकला. "आणि इथे?"

"आई गं!" पाहुण्यांनी पाय आखडून घेतला. "दुखतंय!"

"दुखतंय? अरे वा, छान!" वहिनींचा चेहरा उजळला. "म्हणजे इथपर्यंत जीव आलाय. आणखी खाली येईल."

लॉन्ड्रीवाले ब्लँकेट पोटाशी धरून उभे होते. त्या संध्याकाळी दारात उभं राहून हा माणूस 'बरं' म्हणाला होता. भांडला नाही, ओरडला नाही, ब्लँकेट मागितलं नाही. मागून मिळत नाही हे त्याला पक्कं माहीत असणार, म्हणूनच तो तसं म्हणाला. हे लॉन्ड्रीवाल्यांना तेव्हा, तिथे उभ्या उभ्या समजलं, आणि छातीत काहीतरी जोरात दुखलं. वहिनी दुसऱ्या पलंगाकडे गेल्या.

"माझ्याकडून फार मोठी चूक झाली," लॉन्ड्रीवाल्यांनी घोकलेलं म्हणायला सुरुवात केली. "तुमची ती गोधडी..."

"आधी बसा," पाहुणे म्हणाले. "उभ्यानेच बोलतात सगळे माझ्याशी."

लॉन्ड्रीवाले पटकन स्टुलावर बसले. आता दोघांचे डोळे एका पातळीवर आले. माणूस त्यांच्याच वयाचा होता. भुवईवर जुनी खोक होती आणि नजर मिश्कील होती. इतक्या दिवसांत हे काहीच दिसलं नव्हतं.

"तुमच्यासाठी आणलंय," त्यांनी ब्लँकेट पुढे केलं.

पाहुण्यांनी दोन बोटांत लोकर चोळून बघितली, शिवण उलटी करून बघितली. "गाद्यांच्या कारखान्यात होतो मी," ते म्हणाले. "माल चांगला आहे. पण मला नको."

"का हो?"

"पांढरं आहे. पहिल्याच दिवशी कुणीतरी पळवेल. मळकं असलं, वास मारत असलं की कुणी हात लावत नाही. माझ्या गोधडीला मी मुद्दाम काजळी फासली होती. बाहेर राहणाऱ्याला कुलूप कुठलं? तेच माझं कुलूप होतं."

लॉन्ड्रीवाल्यांचं तोंड उघडं राहिलं. जन्मभर ज्याच्याशी वैर केलं, तो मळ! कडक पाण्याने, दुप्पट पावडरने, केवढ्या अभिमानाने त्यांनी तो काढून टाकला होता!

"अहो, मी तुमचं कुलूपच धुऊन टाकलं!" ते म्हणाले आणि तिथेच, सगळ्या वॉर्डादेखत, ढसढसा रडायला लागले. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा उशीवरून मान उचलून बघायला लागला. पाहुण्यांनी त्यांना रडू दिलं.

डोळे पुसून लॉन्ड्रीवाल्यांनी विचारलं, "तुम्हाला काही लागतंय का?"

पाहुणे विचारात पडले. हे कुणी विचारेल अशी त्यांना कल्पना नसावी.

"एक कोपरा," शेवटी ते म्हणाले. "दिवसा सामान ठेवायला. आतला, कोरडा. सामानाची धास्ती असते म्हणून मला लांब कामाला जाता येत नाही. रात्रीचं माझं मी बघतो. दिवसाचं जमत नाही."

रात्रीसाठी ब्लँकेट घेऊन आलेल्या माणसाला दिवसाचं उत्तर मिळालं होतं! सात जन्म विचार केला असता तरी लॉन्ड्रीवाल्यांना हे सुचलं नसतं. ते विचारल्यावरच कळलं.

वहिनींच्या ओळखीने पाय बरा होईपर्यंत निवाऱ्यात जागा मिळाली. बॉयलरच्या खोलीतला एक कोपरा रिकामा झाला आणि मागच्या दाराची एक किल्ली पाहुण्यांच्या हातात आली. गिऱ्हाइकांना ब्लँकेटांचं काय झालं ते लॉन्ड्रीवाल्यांनी खरं खरं सांगितलं. दोघांनी आवाज चढवला. वासाची तक्रार करणाऱ्या बाई मात्र दुसऱ्या दिवशी लोकरीच्या मोज्यांची पिशवी काउंटरवर ठेवून गेल्या. चष्मेवाल्यांनी पायरीवर पाणी मारायचा विषय पुन्हा काढला नाही. गल्ली काही एका दिवसात सुधारली नाही, वळसा घालणारे अजून वळसा घालतातच. पाहुण्यांची बोटंही परत आली नाहीत.

मंडळी, थंडी आपल्या सगळ्यांच्या गावात पडते. तुमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरही कुणीतरी भिंतीला पाठ लावून बसलेलं असेल. त्याला काय हवं असेल, हे घरी बसून ठरवू नका. त्याच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. जवळ जा, खाली बसा, त्याच्या डोळ्यांत बघून विचारा, आणि तो सांगेल ते नीट ऐकून घ्या. ऐकताना तुम्हाला आत कुठेतरी दुखायला लागेल. घाबरून उठू नका. ते चांगलं लक्षण आहे.